उड्डाणाला अठ्ठावीस तास बाकी

शनिवार, १२ ऑक्टोबर २०२४, रात्री साडेनऊ

दसऱ्याची रात्र. वांद्र्यात माजी राज्यमंत्री बाबा सिद्दीकी यांच्यावर गोळ्या झाडल्या जातात. विधानसभेची आचारसंहिता आज लागते की उद्या, अशी स्थिती. पुढचे काही दिवस मुंबई पोलिसांच्या डोळ्याला डोळा लागणार नाही, हे सांगायला ज्योतिषी नको. इकडे आमच्या पाथर्डीत सोनं वाटून झालेलं, ऊसतोडीच्या टोळ्यांची बांधाबांध सुरू व्हायची, आणि पोरांचं लक्ष दिवाळीच्या फटाक्यांकडे.

मुंबईहून सोमवारी पहाटे दोनच्या आसपास तीन विमानं सुटायची आहेत. एअर इंडियाचं एआय ११९ न्यूयॉर्कला, इंडिगोची दोन मस्कत आणि जेद्दाहला.

रविवार, १३ ऑक्टोबर. उड्डाणाआधीचा दिवस

मुंबई-हावडा मार्गावर गोंदिया मागे पडलं, डोंगरगड गेलं की राजनांदगाव लागतं. छत्तीसगडमधलं हे गाव मराठी वाचकाला माहीत असतं ते बहुधा गजानन माधव मुक्तिबोधांमुळे. घरात मराठी बोलणारा हा हिंदी कवी तिथल्या दिग्विजय महाविद्यालयात शिकवायचा. याच गावात एक सतरा वर्षांचा मुलगा आहे. अकरावी-बारावीत असायचं वय. पैशावरून त्याचं मित्राशी बिनसलं आहे. पोलिसांनी पुढे सांगितलं त्याप्रमाणे, त्याने एक्सवर त्या मित्राच्या नावाने खातं उघडलं.

खोडीची ही रीत नवी नाही. शाळेच्या मुतारीत सुतळी बॉम्ब ठेवायचा, वातीला पेटती उदबत्ती जोडायची आणि वर्गात येऊन भूगोलाचं पुस्तक उघडून बसायचं. उदबत्ती जळत वातीपर्यंत पोचायला पाच-सात मिनिटं लागतात. आवाज होतो तेव्हा करणारा सरांच्या डोळ्यांसमोर असतो आणि मार खातो तो नेमका त्या वेळी लघवीला गेलेला. धमाका आपला, नाव दुसऱ्याचं. गावोगावच्या शाळांत हे झालेलं आहे, आणि आज पन्नाशीत असलेले कितीतरी सद्गृहस्थ ते हसत हसत सांगतात.

राजनांदगावच्या पोराने उदबत्तीच्या जागी मोबाइल वापरला. मुतारीच्या जागी मुंबई विमानतळ आला.

सोमवार, १४ ऑक्टोबर, पहाटे दोन

एआय ११९ धावपट्टी सोडतं. आत २३९ प्रवासी. न्यूयॉर्क साधारण सोळा तासांवर, त्यामुळे टाक्यांत सव्वाशे टनांहून अधिक इंधन. याच पहाटे त्या खात्यावरून तिन्ही विमानांत बॉम्ब असल्याची धमकी येते.

अशा वेळी विमानतळावर बॉम्बच्या धमकीचं मूल्यमापन करणारी समिती बसते. विमान कंपनी, विमानतळ, सुरक्षा यंत्रणा, पोलीस असे सगळे तिच्यात असतात. त्यांच्यापुढे प्रश्न एकच: धमकी मोघम आहे की नेमकी? विमानाचा क्रमांक किंवा मार्ग दिलेला असेल तर ती नेमकी धरायची आणि सगळे सोपस्कार करायचे. विमानांचे क्रमांक, सुटायच्या वेळा आज कुठल्याही मोबाइलवर दिसतात. म्हणजे जी माहिती पूर्वी आतल्या माणसाकडेच असायची आणि म्हणून धमकीला वजन द्यायची, ती आता शाळकरी पोराच्या बोटावर होती. नियम मात्र जुन्याच काळातले. मला विचाराल तर सगळ्या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची फट हीच.

समितीतल्या कुणाला वाटलंही असेल, हा कुठला तरी टवाळ कार्टा आहे. पण तसं वाटून चालत नाही. ‘सोडा हो, पोरं थट्टा करतात’ असं म्हणून सही करायला कोण धजावेल?

पहाटे दोन वाजून पाच मिनिटं

इंडिगोची दोन विमानं अजून जमिनीवर आहेत. मस्कतची वेळ दोनची, जेद्दाहची दोन पाचची. ती बाजूला, इतर विमानांपासून दूर उभी केली जातात. झडती, सामानाची तपासणी, पुन्हा झडती. आत काही नाही. ही दोन त्या मानाने स्वस्तात सुटली.

पहाटे चारच्या सुमारास

एआय ११९ ला सरकारी सुरक्षा समितीच्या सूचनेवरून दिल्लीकडे वळवलेलं असतं. ते तिथे सुखरूप उतरतं. बातमीत हे एका ओळीत येतं.

त्या ओळीत काय दडलं आहे ते पाहा. हे बोइंग ७७७ जातीचं विमान. ते जवळपास ३५० टन वजन घेऊन उडू शकतं, पण उतरताना वजन अडीचशे टनांच्या आसपास असावं लागतं. मधलं वजन सोळा तासांच्या प्रवासात इंधन जळून आपोआप घटणार असतं. दोनच तासांत उतरायचं म्हटलं की ते इंधन जाळा, हवेत सोडा, नाहीतर जड विमान उतरवून मग त्याची तपासणी करा. त्यात प्रवाशांची राहण्याची सोय, नवे वैमानिक (पहिल्यांच्या कामाचे तास संपलेले), विमानतळाचे आकार, पलीकडून येणाऱ्या फेरीचं विस्कटलेलं वेळापत्रक. या एका वळणाचा खर्च तीन कोटींच्या वर गेल्याचा अंदाज त्या आठवड्यात छापून आला.

आणि रात्री दोनला पेंगुळलेल्या माणसाला आपण न्यूयॉर्कला नव्हे, दिल्लीला उतरतोय असं कळतं, त्याची किंमत कुठल्या रकान्यात लिहायची?

मंगळवार, १५ ऑक्टोबर

धमकीला धमक्या फुटतात. दुसऱ्याच एका खात्यावरून आणखी विमानांची नावं येतात. दिल्लीहून शिकागोला निघालेलं एअर इंडियाचं विमान कॅनडाच्या उत्तरेत, इकलुइट नावाच्या हिमप्रदेशातल्या छोट्या गावी उतरवावं लागतं. तिथून प्रवाशांना पुढे न्यायला कॅनडाच्या हवाई दलाचं विमान येतं. मदुराईहून सिंगापूरला निघालेल्या एअर इंडिया एक्स्प्रेसच्या दोन्ही बाजूंना सिंगापूरची एफ-१५ लढाऊ विमानं उडतात. त्याच दिवशी महाराष्ट्राच्या निवडणुकीची घोषणा होते. मराठी वाहिन्यांवर मोठी बातमी अर्थातच ती.

बुधवार, १६ ऑक्टोबर

आयपी पत्त्याचा माग काढत मुंबई पोलीस राजनांदगावला पोचतात. मुलगा ताब्यात, वडिलांचीही चौकशी. मित्राला अडकवायचं होतं, एवढंच कारण निघतं. मुलगा अल्पवयीन, त्यामुळे पुढचं सगळं बाल न्याय मंडळापुढे.

नंतरचे दिवस

मुलगा सापडला म्हणून लोंढा थांबला नाही. महिनाअखेरपर्यंत चारशेहून अधिक विमानांना धमक्या आल्या, सगळ्या पोकळ. नागरी विमान वाहतूक मंत्री राममोहन नायडू यांनी कायदा कडक करण्याची आणि अशांना विमानप्रवासाची बंदी घालण्याची भाषा केली.

आमच्याकडे बसस्थानकाबाहेर चहाच्या गाडीवरही दोन तट पडले. एकाचं म्हणणं, “सर, नुसतं पोरगं म्हणून सोडलं ना, तर उद्या आपल्या शाळेतलं करील.” दुसऱ्याचं, “अहो पण सतराव्या वर्षी कुणाला अक्कल असते? आयुष्यातनं उठवता का त्याला?” त्याच वर्षी मे महिन्यात पुण्यात भरधाव पोर्शे चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला गेला होता, तो राग लोकांच्या मनात ताजा होता. त्यामुळे राजनांदगावच्या पोराला पुण्याच्या मुलाच्या वाट्याचेही चार शब्द ऐकावे लागले. हे बरोबर नाही. तिथे दोन जीव गेले होते.

कायदा पाहिला तर २०१५ चा बाल न्याय कायदा सोळा ते अठरा वयाच्या मुलाला प्रौढ धरून खटला चालवू देतो, पण तो गुन्हा किमान सात वर्षं शिक्षेचा, जघन्य, असेल तरच. विमानबंदीचं तर मला हसूच येतं. पाथर्डीतल्या अकरावीच्या वर्गात जाऊन विचारा, विमानात बसलेले हात वर करा. जे पोर कधी चढणारच नाही, त्याला ‘तुला चढू देणार नाही’ ही धमकी कसली?

ज्याच्या नावाने हे सगळं झालं त्या मित्राबद्दल चहाच्या गाडीवर कुणी काही बोललं नाही. बॉम्ब, विमान आणि तुमचं नाव पहाटे एकत्र आलं, तर पोलीस दार ठोठावेपर्यंत तुम्ही झोपेतच असता. तीन कोटी कंपनीने सोसले. तो मित्र काय सांगणार होता, ‘साहेब, हे मी नाही’? मुतारीत सापडलेलाही तेच सांगत असतो. शिक्षेचं माप ठरवताना आधी या मित्राला बोलवायला हवं होतं, असं माझं मत.

ऑक्टोबर संपता संपता धमकी तोलण्याच्या नियमांत बदल झाले: खातं कुणाचं, खरं की निनावी, हेही आता पाहायचं. डिसेंबरमध्ये विमान सुरक्षा नियमांत दुरुस्ती होऊन खोटी माहिती पसरवणाऱ्या व्यक्तीला एक लाखापर्यंत दंडाची तरतूद आली.

त्याआधी, नोव्हेंबरच्या अखेरीस, दिल्लीतल्या रोहिणी भागात एका शाळेला बॉम्बचा ईमेल आला होता. पोलिसांनी शोध घेतला तर पाठवणारी त्याच शाळेतली दोन भावंडं निघाली. परीक्षेचा अभ्यास झाला नव्हता, पेपर पुढे ढकलायला हवा होता. आधीच्या धमक्यांच्या बातम्यांवरून त्यांना ही कल्पना सुचली होती. त्यांचं समुपदेशन झालं, आई-वडिलांना समज दिली गेली आणि दोघांना घरी सोडण्यात आलं.