चेंडू घरच्या पोराच्या हाती

डिसेंबर 2017. गोंदिया जंक्शनच्या फलाटावर तुम्ही मफलर कानावर ओढून उभे आहात. गावाकडे धानाची मळणी उरकत आलीय, राईस मिल रात्रंदिवस सुरू आहेत. हावड्याची गाडी लागते. डोंगरगड, रायपूर, बिलासपूर मागे पडतं आणि हजारेक किलोमीटरनंतर तुम्ही कोलकात्यात उतरता. इथं रणजी करंडकाच्या उपांत्य सामन्यात विदर्भ कर्नाटकशी झुंजतोय. विदर्भ 1957-58 पासून रणजी खेळतो, पण अंतिम फेरी आजवर त्याच्या नशिबी आलेली नाही.

21 तारखेची सकाळ, ईडन गार्डन्स. कर्नाटकापुढं 198 धावांचं लक्ष्य, फलकावर 7 बाद 111. त्यांना 87 धावा हव्यात, आपल्याला तीन गडी. आता कर्णधार फैज फजलच्या जागी स्वतःला उभं करा. तुमच्याकडं उमेश यादव आहे, भारताकडून कसोटी खेळलेला, खापरखेड्याजवळच्या वलनी कोळसा खाणीच्या वस्तीत वाढलेला. दुसरा रजनीश गुरबानी, 24 वर्षांचा सिव्हिल इंजिनीअर. पहिल्या डावात पाच बळी घेऊन तो दमला असेल, असं तुमच्या मनात येतं. तरी चेंडू त्याच्याकडंच राहू देता.

कर्नाटकाचे विनय कुमार आणि मिथुन बॅट फिरवतात, धावा झरझर कमी होतात. तुमच्या हाताला घाम सुटतो. पण उरलेले तिन्ही गडी गुरबानीच काढतो. कर्नाटक 192. विदर्भ पाच धावांनी जिंकतो. गुरबानीचे या डावात 68 धावांत 7 बळी, सामन्यात 12.

जल्लोष ओसरतो आणि खरा पेच समोर येतो. उमेश भारतीय संघाबरोबर दक्षिण आफ्रिकेला निघालाय. अंतिम सामना 29 डिसेंबरला इंदूरच्या होळकर स्टेडियमवर, दिल्लीशी. समोर गंभीर आहे, ऋषभ पंत आहे. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित यांच्या शेजारच्या खुर्चीत तुम्ही बसलात, तर उमेशची जागा कुणाला द्याल?

अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये कोवळा पिचर देऊन तयार फलंदाज घेण्याचा सौदा नेहमीचा. रणजीत अशी अदलाबदल नाही. बाहेरचे खेळाडू प्रोफेशनल म्हणून घेता येतात, तेही तीनच. ते कशासाठी वापरायचे, हाच सगळा कस. उपांत्य सामन्यातल्या संघात विदर्भानं ते फलंदाजीसाठी वापरलेत. मुंबईचा वसीम जाफर मागच्या हंगामात दुखापतीमुळं खेळला नव्हता, तरी त्याचं मानधन त्याला मिळालं. म्हणून यंदा तो पैसे न घेता खेळतोय. गणेश सतीश मूळचा कर्नाटकचा, आणि परवा त्यानंच कर्नाटकाविरुद्ध दुसऱ्या डावात 81 धावा काढल्या. या दोघांनी धावांची बाजू धरली, म्हणून नवा चेंडू विदर्भाच्याच पोराला देण्याची हिंमत करता येते.

तो पोरगा अकोल्याचा आदित्य ठाकरे. वय 19. प्रथम श्रेणीचा एकही सामना नावावर नाही.

29 डिसेंबर. फजल नाणेफेक जिंकून क्षेत्ररक्षण घेतो. सलामीचा कुणाल चंदेला शून्यावर जातो, बळी ठाकरेचा. तुमच्या छातीवरचं दडपण उतरतं. दुसऱ्या दिवशी गुरबानी विकास मिश्रा, नवदीप सैनी आणि 145 धावांवरच्या ध्रुव शोरीच्या यष्ट्या लागोपाठ उडवतो. रणजीच्या अंतिम सामन्यात तामिळनाडूच्या कल्याणसुंदरम यांनी 1972-73 मध्ये हॅट्ट्रिक घेतली होती, त्यानंतरची ही पहिलीच. दिल्ली 295. मग अक्षय वाडकरच्या 133 धावांसह विदर्भ 547. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी करंडक नऊ गडी राखून विदर्भाचा.

आता सात वर्षं पुढं या. फेब्रुवारी 2025, नागपूरजवळचं जामठा, विदर्भ विरुद्ध केरळ, रणजीचा अंतिम सामना. या वेळी गोंदियाहून नागपूर गाठायला दोन-अडीच तास पुरतात. संघ बघा. बाहेरून आलेले करुण नायर आणि ध्रुव शोरी, दोघेही फलंदाज. हाच शोरी इंदूरला आपल्याविरुद्ध शतक ठोकून गेला होता. चेंडू मात्र वर्ध्याच्या दर्शन नळकांडेकडं, यश ठाकूरकडं, नचिकेत भुतेकडं आणि फिरकीपटू हर्ष दुबेकडं, ज्याचे या हंगामातले 69 बळी रणजीतला विक्रम ठरतात. पहिल्या डावातल्या 37 धावांच्या आघाडीवर तिसरं विजेतेपद येतं. यादरम्यान गुरबानी महाराष्ट्राकडून खेळायला गेला, तरी मारा उणा पडला नाही, कारण मागं रांग तयार होती.

ही रांग जिल्ह्यांतून येते. उमेश विशीच्या उंबरठ्यापर्यंत टेनिस बॉलच टाकत होता. त्याच्या वेगाकडं कुणाचं तरी लक्ष गेलं म्हणून भारताला तो मिळाला. तिरोड्यात, आमगावात, अर्जुनी मोरगावात असा वेग दिसला, तर त्या पोराच्या हाती लगेच लेदर बॉल द्या. दर आठवड्याला त्यानं किती षटकं टाकली ती वहीत लिहा, पाठ दुखली तर थांबवा, आणि नागपूरच्या निवड चाचणीला स्वतः घेऊन जा. विदर्भाला पुढचा ठाकरे लागेल तेव्हा तो गोंदिया जिल्ह्यातून जायला हवा, आणि त्याची तयारी याच हंगामात सुरू व्हायला हवी.