सह्यांची वही

"तीमथ्याच्या आजीचं नाव काय?"

देवासच्या शब्बाथशाळेत आजी हा प्रश्न हटकून विचारायची. पेत्राची सासू सगळ्यांना ठाऊक असे, पिलाताची बायकोही आठवे, पण तीमथ्याची आजी कुणालाच यायची नाही. मग आजीच सांगायची, लोईस. आजी लोईस, आई युनीके, आणि मग तीमथ्य. पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात ही दोन नावं आहेत. "एवढा मोठा प्रेषित, पण तरुण पाळकाला धीर द्यायला त्याने आठवली कोण, तर आजी!" असं म्हणून ती पदर सावरून जरा ताठ बसायची. वडिलांचं नाव तिथे नाही, हेही न विसरता सांगायची. आजोबा ऐकू येईल इतक्या अंतरावर असले तर जरा मोठ्याने.

आजीचं सासर देवास, माहेर धार. दोन्ही पवारांची संस्थानं. त्यामुळे दरबार मराठी, बाजार माळवी आणि बाकी सारा कारभार जमेल तसा. देवासला तर तुकोजी आणि जिवाजी या दोन भावांच्या दोन गाद्या एकाच गावात, थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याच्या या बाजूला एक राज्य, त्या बाजूला दुसरं. आजी म्हणायची, "भाजी घ्यायला राज्य ओलांडून जायचे बाई मी." आमच्या घरातल्या धर्माचंही काहीसं असंच होतं. उंबरठ्याच्या आत मराठी, बाहेर हिंदी. घरात येशू ख्रिस्त, देवळात यीशु मसीह. (जुनी मराठी ख्रिस्ती माणसं चर्चला देऊळच म्हणतात.) देवळाबाहेर लोक एकमेकांना 'जय मसीह की' म्हणत आणि आमचे पणजोबा मात्र नगरच्या सवयीने 'सलाम' करत.

कॅनडातल्या प्रेस्बिटेरियन मंडळींनी १८७७ मध्ये इंदूर आणि महूला काम सुरू केलं. धारला १८९५ मध्ये डॉक्टर मार्गारेट ओहारा आल्या. कॅनडातल्या क्वीन्स विद्यापीठाची वैद्यकीची पदवी घेऊन त्या १८९१ मध्येच हिंदुस्थानात आल्या होत्या. पडद्यातली बाई पुरुष डॉक्टरला हात दाखवायला तयार नसे, तेव्हा बाई डॉक्टर म्हणजे केवढी गोष्ट! आमचे पणजोबा नगरकडून इंदूरमार्गे धारच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून आले. सोबत एक पत्र्याची पेटी, त्यात मराठी नवा करार आणि नगरच्या देवळात टाळ-मृदंगावर म्हटली जाणारी गाणी उतरवून घेतलेली वही. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले होते आणि आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं सांगत होते. पणजोबांची पिढी त्या वाऱ्यात वाढलेली. कॅनडाच्या चालींवर हिंदी भजनं म्हणताना त्यांचा जीव गुदमरायचा म्हणे. मग रात्री दवाखान्याचं दार लावून ते एकटेच अभंग म्हणत.

पणजीची हकिकत वेगळी. ती छप्पनियाची. संवत १९५६, म्हणजे १८९९-१९०० चा दुष्काळ. माळव्यातली जुनी माणसं अजून 'छप्पनिया' म्हणतात, इसवी सन सांगत नाहीत. ती सात-आठ वर्षांची पोर निमाडकडून आईबापांबरोबर चालत निघाली. बाप मांडवच्या घाटात बसला तो उठला नाही. आई धारपर्यंत आली, पुढे नाही. पोर मिशनच्या अनाथांत जमा झाली. तिला आपल्या गावाचं नाव आठवत नसे. एक विहीर आठवे, तिच्या काठच्या दगडाला दोराने पडलेल्या खाचा आठवत. आयुष्यभर कुठल्याही विहिरीपाशी गेली की ती आधी काठावरून हात फिरवून बघायची.

पुढे तिचं पणजोबांशी लग्न झालं आणि ती बायबलबाई झाली. बायबलबाईचं काम म्हणजे पिशवीत पुस्तकं घालून वाडे, आळ्या फिरायचं, बायकांना शास्त्र वाचून दाखवायचं, आणि कुणी तयार असेल तर अक्षर शिकवायचं. पण पणजी जिथे जाई तिथे एक वाक्य तिच्या आधी पोचलेलं असे: "पोटासाठी बाटली."

हे वाक्य आमच्या घराण्याला पिढ्यान् पिढ्या ऐकावं लागलं आहे, आणि मी ते झटकून टाकणार नाही. उपाशी पोराला भाकरी द्यायची आणि मग धर्म द्यायचा, यातलं देणं कुठे संपतं आणि घेणं कुठे सुरू होतं, हा प्रश्न खोटा नाही. मध्य प्रदेशात १९६८ मध्ये धर्मस्वातंत्र्याचा कायदा आला, त्यात बळ, प्रलोभन आणि फसवणूक हे तीन शब्द होते. २०२१ मध्ये आणखी कडक कायदा आला. तो वाचताना मला पणजी आठवली. तिचं उत्तर आजीने मला सांगितलं होतं. पागेवरच्या एका वाड्यात थोरल्या बाईसाहेबांनी तोंडावर विचारलं, "पोटासाठीच ना गं?" पणजी म्हणाली, "हो बाईसाहेब. आधी पोटासाठीच. पण पोट तर केव्हाच भरलं. आता ऊन-पावसाचं तुमच्या दारी येते, ते कशासाठी येत असेन?"

बाईसाहेबांनी तिला बसायला पाट दिला. ओसरीवर, आत नाही. तरी पाट दिला.

त्याच वाड्यातली धाकटी सून पणजीकडे अक्षरं शिकू लागली. पाटीवर राख पसरून बोटाने गिरवायची. दोन पावसाळ्यांनी ती वाचायला लागली आणि तिने पहिल्यांदा सलग काय वाचलं, तर शिवलीलामृत. पणजोबा घरी चिडले. "दोन वर्षं पाय झिजवलेस ते यासाठी?" पणजी चुलीत फुंकर घालत होती. म्हणाली, "डोळे मी दिले नाहीत, देवाने दिले. तिने काय वाचायचं ते तिचं ती बघेल." त्या दिवशी पणजोबा जेवले नाहीत. आजी सांगायची, "दोघंही बरोबर होते गं. त्यांना सांगायची तळमळ होती, तिला देऊन मोकळं होता येत होतं."

मला स्वतःला पणजोबांची बाजू फार काळ जवळची वाटायची. जे आपल्याला जीवनदायी वाटतं ते दुसऱ्याच्या कानी पडावंसं वाटणारच. न वाटलं तर आपलाच विश्वास पातळ म्हणायचा. ख्रिस्ताने शिष्यांना जगभर जाऊन सांगायलाच सांगितलं आहे, त्यातून पळवाट नाही. पण सांगणं आणि पटवून घेणं यांत फरक आहे, आणि तो पणजीला शाळेत न जाता कळला होता.

१९२४ नंतर कधीतरी केडगावच्या मुक्ती मिशनचं बायबल घरात आलं. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून ते मराठीत आणलं, खेड्यातल्या बाईला कळावं म्हणून सोपं ठेवलं, आणि मिशनमधल्या बायकांनी ते छापलं. छापून पुरं झालेलं पाहायला रमाबाई राहिल्या नाहीत, १९२२ मध्ये त्या गेल्या. त्यांचेही आईवडील अन्नान्न दशेत गेले होते. पणजीला हे कुणीतरी सांगितलं तेव्हापासून ती त्या पुस्तकाला 'रमाबाईचं' म्हणायची, 'देवाचं' नंतर. निमाडी बोलणाऱ्या माझ्या पणजीला मराठी आली ती त्या पुस्तकातून. तिच्या बोटांनी कडा इतक्या मऊ झाल्यात की पान उलटताना आवाज होत नाही.

आजी देवासला आली आणि गाणं घेऊन आली. १९४८ मध्ये कुमार गंधर्व आजारी फुप्फुसं घेऊन देवासला राहायला आले. पुढे माळव्यातल्या फिरत्या गायकांकडून ऐकलेली कबीराची निर्गुणी भजनं त्यांनी साऱ्या देशाला ऐकवली. आजीला त्यात नवल वाटत नसे. "इकडे सगळं असंच पोचतं," ती म्हणायची. "दारात कुणीतरी उभा राहून गातो. तुम्ही चूल सोडून बाहेर येता की नाही, ते तुमच्यावर." उपासनासंगीतातलं गाणं ती भांडी घासताना म्हणे, शेजारच्या काकू आपली आरती म्हणत, आणि दोघींच्या चाली अधूनमधून एकमेकींत मिसळत.

पंचवीस फेब्रुवारी १९९५. याच देवास जिल्ह्यात उदयनगरहून इंदूरला निघालेल्या बसमध्ये सिस्टर राणी मारिया यांना भोसकून मारलं. केरळातल्या पुल्लुवळीच्या, वय एक्केचाळीस. १९९२ पासून उदयनगरच्या आदिवासी पाड्यांत भूमिहीनांना सावकारी पाशातून सोडवायचं काम करत होत्या. भरल्या बसमध्ये, पन्नासावर वार. आम्ही प्रोटेस्टंट, त्या कॅथलिक. एरवी आमच्या घरात या भेदाची चर्चा चवीने व्हायची. त्या दिवशी ऐंशीची आजी भिंतीकडे तोंड करून बसली होती. एवढंच म्हणाली, "मला नसतं जमलं."

आजी १९९८ मध्ये गेली, त्यामुळे पुढचं तिला कळलं नाही. २००२ मध्ये राणी मारियांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी, तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला भेटली आणि त्याच्या मनगटावर तिने राखी बांधली. केरळातल्या रीतीत राखी कुठून असणार? तिने ती इथल्या मातीतून उचलली. कुटुंबाने त्याच्या सुटकेला हातभार लावला. २००६ मध्ये तो सुटला, पुढच्या वर्षी केरळात जाऊन या बहिणींच्या आईसमोर उभा राहिला, आणि आईने त्याचे हात हातात घेतले. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरला राणी मारियांना धन्यवादित घोषित केलं गेलं.

राखीची बातमी वाचली तेव्हा माझ्या आईने वर्तमानपत्राची घडी घातली आणि बराच वेळ ती तशीच मांडीवर ठेवली. घराच्या वाटणीवरून एका चुलतभावाशी तिने चौदा वर्षं बोलणं टाकलं होतं. त्या नाताळात तिने करंज्या, शेव, अनारसे डब्यात भरून त्याच्याकडे पाठवले. डबा रिकामा परत आला. आपल्यात डबा रिकामा परत करत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. मी भडकले. आई डबा धूत म्हणाली, "झाकण तरी सरळ लावलंय." पुढच्या नाताळला तिने पुन्हा पाठवला. तिसऱ्या वर्षी त्यात चार पेरू आले, त्यातला एक नासका.

आईबरोबर मी एकदा उदयनगरलाही गेले. चर्चमध्ये राणी मारियांची समाधी आहे. आई तिथे पाच मिनिटं उभी राहिली, मग बाहेर येऊन तिने चपला घातल्या आणि बसची चौकशी केली. परतताना तिने मला तोच प्रश्न विचारला, "तीमथ्याच्या आजीचं नाव काय?" मी म्हटलं, "पाठ आहे गं." ती म्हणाली, "पाठ असून काय उपयोग?"

घराणं म्हणून आम्ही किती जणांना ख्रिस्ती केलं, हे मला अनेकांनी विचारलं आहे, काहींनी कौतुकाने, काहींनी संशयाने. असा हिशोब आमच्यात कुणी ठेवलेला नाही. हिशोब आहे तो दुसऱ्याच गोष्टीचा. पणजीच्या पिशवीत एक लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची वही होती, ती माझ्याकडे आहे. जी बाई लिहायला शिकली, तिला ती आपलं नाव त्यात लिहायला लावायची. अमक्याची आई, तमक्याची सून असं नाही, स्वतःचं नाव. काहींना ते आठवावं लागलं, इतकं ते कुणी घेतलेलं नव्हतं. एकोणीस सह्या आहेत. पागेवरच्या त्या धाकट्या सुनेची आहे, शाई सांडलेली. माझ्या माहितीप्रमाणे त्यांतल्या अठरा जणी ख्रिस्ती झाल्या नाहीत.

वहीतली पहिली सही पणजीची आहे.