सेप्सिस उपचारांची नियमावली : पहिला तास आणि त्यापुढील विवेक

जंतुसंसर्गाला तोंड देताना शरीराचा प्रतिकारच बेताल होतो आणि स्वतःच्या अवयवांना इजा करू लागतो, त्या प्राणघातक अवस्थेस सेप्सिस म्हणतात. ‘रक्तात विष पसरले’ हे तिचे रूढ वर्णन अपुरे आहे. कित्येक रुग्णांच्या रक्तात जंतू सापडतही नाहीत. निदानातील या संदिग्धतेमुळे उपचार डॉक्टरागणिक बदलत. ते एकसारखे व्हावेत म्हणून आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी २००४ मध्ये पहिली मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. रक्तातील लॅक्टेट मोजणे, प्रतिजैविकापूर्वी कल्चरसाठी रक्त घेणे, प्रतिजैविक त्वरित सुरू करणे, रक्तदाब घसरल्यास सलाईन आणि तेवढ्याने न भागल्यास रक्तदाब वाढविणारी औषधे देणे, असा हा क्रम आहे.

त्याचा लाभ किती? अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याने १२ वर्षांच्या एका मुलाच्या मृत्यूनंतर २०१३ मध्ये असा क्रम रुग्णालयांना बंधनकारक केला. तेथील १४९ रुग्णालयांतील ४९,३३१ रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीच्या उपचारसंचास होणाऱ्या प्रत्येक तासाच्या विलंबागणिक मृत्यूची शक्यता सुमारे ४ टक्क्यांनी वाढलेली आढळली. सलाईन लवकर पूर्ण केल्याचा तसा लाभ मात्र दिसला नाही.

हा तपशील गौण नाही. त्याच वर्षी झांबियातील लुसाका येथील २१२ प्रौढ रुग्णांवरील चाचणीत भरपूर सलाईनवर आधारलेल्या नियमावलीने ४८ टक्के, तर नेहमीच्या उपचारांत ३३ टक्के रुग्ण दगावले. बहुतेकांना एचआयव्हीची बाधा होती आणि अतिदक्षता विभागातील खाटा दुर्मिळ होत्या. श्रीमंत देशातील कागद जसाच्या तसा उचलला, तर तो जीवावरही बेततो. २०२१ च्या सुधारित तत्त्वांत सलाईनविषयीची शिफारस सौम्य झाली. शॉक नसलेल्या संशयित रुग्णांत निदान तपासण्यासाठी तीन तासांची मुभाही आली.

साधी, स्थानिक गरजेतून घडलेली नियमावली काय करू शकते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांतील आरोग्यसेविकांना नवजात बाळांतील सेप्सिस ठरावीक लक्षणांवरून ओळखून प्रतिजैविके देण्यास शिकविले. सेप्सिस झालेल्या बाळांतील मृत्यूंचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले. हे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. तेथे रुग्णालय नव्हते, लॅक्टेटची तपासणीही नव्हती.

सिल्वासा या दोन टोकांच्या मध्ये आहे. येथे विनोबा भावे नागरी रुग्णालय आहे आणि २०१९ पासून वैद्यकीय महाविद्यालयही आहे; मात्र डोंगराळ खानवेल परिसरातील रुग्णाचा पहिला तास वाटेतच सरू शकतो. शिवाय दक्षिण गुजरातच्या भातशेतीच्या पट्ट्यात पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस आढळतो. स्क्रब टायफस असेल तर सेप्सिसमध्ये सर्रास दिली जाणारी अनेक प्रतिजैविके निरुपयोगी ठरतात. तेथे डॉक्सिसायक्लिन लागते. आदिवासी समाजात सिकलसेल आजार आहे. या आजारात प्लीहा निकामी होत असल्याने साधा वाटणारा तापही काही तासांत सेप्सिसकडे झुकू शकतो.

म्हणून तापासोबत धाप, असंबद्ध बोलणे, लघवी कमी होणे वा हातपाय थंड पडणे दिसल्यास रुग्णास विनाविलंब रुग्णालयात न्यावे. ताप कधी चढला, आधी कोणते औषध दिले आणि सिकलसेलचे कार्ड आहे काय, हे नातेवाइकांनी दारातच सांगावे.