फ्रेंचमधल्या 'त'चा आगम

'तो बोलतो' म्हणजे फ्रेंचमध्ये 'इल पार्ल'. प्रश्न विचारताना 'इल' क्रियापदामागे जातो, पण 'पार्ल-इल' होत नाही, होतं 'पार्ल-तील'. लिहिताना हा त दोन छोट्या आडव्या रेघांच्या मध्ये एकटा उभा असतो. तो ना क्रियापदाचा, ना सर्वनामाचा. दोन स्वर एकमेकांवर आदळू नयेत म्हणून तो आला, असं शिकवतात. हे अर्धंच खरं. त्यासाठी तच का?

लॅटिनमध्ये तृतीयपुरुषी एकवचनाच्या शेवटी त असायचाच. संस्कृतातल्या 'ति'चा तो सख्खा भाऊ. 'अस्ति'शेजारी लॅटिन 'एस्त' ठेवून पाहावा. अकराव्या शतकातल्या फ्रेंचमध्ये हा त लिहिलेला सापडतो. पुढे 'पार्ल'सारख्या क्रियापदांतून तो झिजून गेला, जसं प्राकृतात 'गच्छति'चं 'गच्छइ' झालं. मग काही शतकं प्रश्नही बिनतकाराचेच होते.

पण 'ए' (आहे), 'दी' (म्हणतो) अशा क्रियापदांत त लेखनात राहिला. एरवी मुका, पुढे स्वर आला की बोलका. फ्रेंच माणूस शब्दांच्या सीमा न जुमानता अक्षरं पाडतो आणि शब्दान्तीचं व्यंजन पुढच्या स्वराला देऊन टाकतो. त्यामुळे ऐकू येतं 'दी-तील', 'ए-तील'. प्रश्नात 'तील'च येतं असा कानाचा समज झाला आणि ते 'आ' (जवळ आहे), 'व्हा' (जातो), 'पार्ल' यांनाही चिकटलं. म्हणजे हरवलेला त घरी परतला नाही. शेजाऱ्याचा उसना घेतला.

सोळाव्या शतकात ज्याक पेलतिएसारखे व्याकरणकार सांगतात की हा त बोलतात, पण लिहीत नाहीत. 1647 मध्ये व्होजला या व्याकरणकाराने तो लिहायलाच हवा असं बजावलं. आज 'तो बोलतो का' आणि 'ते बोलतात का' हे दोन्ही प्रश्न कानाला सारखेच लागतात, लेखनात मात्र वेगळे. 'तो विकतो का' हे लिहितात द घालून, वाचतात 'व्हाँ-तील'. पंडितांनी लॅटिनकडे बघून द बसवला, जिभेने तो मानला नाही.

बोलीत 'इल'मधला ल गळून नुसतं 'ती' उरलं आणि ते कुठल्याही कर्त्याबरोबर प्रश्नार्थक शेपूट म्हणून फिरू लागलं. गास्तों पारी या पंडिताने 1877 मध्ये त्यावर लेख लिहिला. फ्रान्समध्ये शिष्टांनी हे 'ती' गावंढळ ठरवलं. कॅनडातल्या क्येबेकमध्ये मात्र त्याचंच 'त्यू' झालं. 'त्यू' म्हणजे 'तू', त्यामुळे तिथे 'तू येतोस का' विचारताना वाक्यात दोनदा 'त्यू' येतो आणि कुणाला काही खटकत नाही.