बॅटिंग न मिळालेला

गेल्या हिवाळ्यात आमच्या लहानपणच्या टोळीतला एक जण अमेरिकेहून आला. येताना त्यानं भोकं असलेला प्लास्टिकचा चेंडू आणि काठीसारखी बारीक, पिवळी बॅट आणली. आमची एक मैत्रीण आता स्वतः केंद्र सरकारच्या नोकरीत असून आर. के. पुरमलाच राहते. तिच्या क्वार्टरमागच्या हिरवळीवर आम्ही चाळिशीतले सहाजण तासभर खेळलो.

या चेंडूला ‘विफल बॉल’ म्हणतात. मराठी कानाला शब्द ओळखीचा वाटतो आणि योगायोगानं अर्थही जवळचा निघतो. अमेरिकी बोलीत ‘विफ’ म्हणजे बॅट फिरवूनही चेंडू हुकणं. १९५३ साली कनेटिकट राज्यातल्या फेअरफील्ड इथं डेव्हिड मुलानी यांनी आपल्या मुलासाठी हा चेंडू तयार केला. त्याच्या एका अर्ध्या भागावर आठ लांबट भोकं असतात. त्यामुळे तो हवेत भरपूर वळतो, पण लांब जात नाही. काचा फुटत नाहीत आणि चेंडू आणायला दूर पळावं लागत नाही.

आम्हाला लागायचं. १९८०च्या दशकात याच क्वार्टरांमागे आम्ही टेनिस बॉलनं क्रिकेट खेळायचो. सरकारी नोकरांची वसाहत, त्यामुळे एकाच जिन्यात चार भाषा. सर्वांत लहान मी, म्हणून मला आऊट धरत नसत. आमच्या घरी अशा भिडूला ‘कच्चा लिंबू’ म्हणत. बंगाली शेजाऱ्यांकडे तो ‘दुधभात’, तेलुगूत ‘आटलो अरटिपंडु’, म्हणजे खेळातलं केळं आणि तमिळमध्ये ‘ओप्पुक्कु सप्पाणी’, म्हणजे नावापुरता लंगडा. पुढे भाषांतरं करताना हे शब्द मी अनेकदा शेजारी शेजारी ठेवून पाहिले. खेळतो पण मोजला जात नाही, अशा मुलासाठी प्रत्येक भाषेनं जागा केलेली आहे.

आमच्यात आणखी एक मुलगा असायचा, कोपऱ्यावरच्या प्रेसवाल्याचा. चेंडू नाल्यात गेला की तोच उतरायचा. झेल तर आमच्या सगळ्यांपेक्षा चांगले घ्यायचा. त्याच्या हाती बॅट दिल्याचं मला आठवत नाही. त्याच्यासाठी चारपैकी एकाही भाषेत आमच्याजवळ शब्द नव्हता. हा नियम कुणी बोलून केला नव्हता, म्हणून तो मोडायचंही कुणाला सुचलं नाही.

नियम आमच्यापेक्षा बराच जुना होता. १८९०च्या दशकात पुण्यातल्या इंग्रजांच्या क्लबात बाळू पालवणकर हे चांभार समाजातले तरुण खेळपट्टीची निगा राखायचे आणि साहेबांच्या सरावासाठी तासन् तास गोलंदाजी करायचे. बॅटिंग मात्र त्यांना मिळत नसे. पुढे ते हिंदूंच्या संघातून खेळू लागले, तेव्हाही चहा त्यांना बाहेर, मातीच्या भांड्यात दिला जाई. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात याच बाळूंनी शंभराहून जास्त बळी घेतले. तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना मिळालं नाही. १९२३ साली ते त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांच्याकडे आलं.

बाळूंचं नाव निदान इतिहासात राहिलं. त्या दिवशी खेळ संपल्यावर चहा पिताना प्रेसवाल्याच्या मुलाचा विषय निघाला. त्याचे झेल सगळ्यांना आठवत होते. नाव सहाजणांपैकी एकालाही आठवलं नाही.