नगर जिल्ह्यातील दुसरा सहकार

२०२४ सालापासून अहिल्यानगर म्हणविला जाणारा आपला हा नगर जिल्हा नकाशावर एक असला, तरी पाण्याच्या हिशेबाने दोन आहेत. उत्तरेस १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, प्रवरेचे कालवे वाहू लागले आणि त्या पाण्यावर ऊस उभा राहिला. दक्षिणेकडील पारनेर, नगर, कर्जत हे तालुके मात्र पर्जन्यछायेत सापडलेले. तेथे पाऊस थोडा, आणि जो पडतो तोही माती घेऊन ओढ्याने निघून जातो.

सहकार म्हटला, की आपणांस उत्तरेचा सहकार आठवतो. १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ ह्यांच्या पुढाकाराने प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना सुरू झाला. एकट्याला जे मिळत नाही ते सर्वांनी मिळून मिळवावे, हे त्याचे सूत्र. पुढे दक्षिणेच्या कोरड्या भागात दुसरा एक सहकार जन्मास आला. एकट्याला जे सहज घेता येते ते सर्वांनी मिळून घ्यावयाचे नाही, हे त्याचे सूत्र. हा दुसरा सहकार पहिल्याहून कठीण आहे, असे मला वाटते.

त्याचा आरंभ पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीस झाला. १९७५ साली लष्करातील नोकरी संपवून अण्णा हजारे गावी परतले, तेव्हा १९७२ च्या दुष्काळाचे घाव ताजे होते. यादवबाबांच्या मंदिराचा जीर्णोद्धार त्यांनी स्वतःच्या पुंजीतून सुरू केला, आणि त्या मंदिरात गाव एकत्र बसू लागले. नाल्यांवर बांध पडले, पाझर तलाव दुरुस्त झाले, विहिरींना पाणी आले. त्याबरोबरच नशाबंदी, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी आली. बांध घालण्यास श्रम लागतात. पण आपली शेळी दुसऱ्याच्या रोपापासून दूर ठेवावयास त्याहून अधिक काही लागते.

नगर तालुक्यातील हिवरे बाजार ह्या गावी हीच वाट पुढे गेली. एके काळी पहिलवानांसाठी नावाजलेले हे गाव १९७२ नंतर दारू, भांडणे व स्थलांतर ह्यांत बुडाले होते. १९८९ साली तरुणांनी पुढे होऊन पोपटराव पवार ह्या शिकलेल्या तरुणास बिनविरोध सरपंच केले. सरकारी योजनांचा पैसा व गावाचे श्रमदान ह्यांतून डोंगरउतारावर चर खणले गेले. परंतु गावाची खरी कसोटी पाणी आल्यानंतर लागली. शेतीसाठी कूपनलिका खणावयाची नाही, ऊस व केळी लावावयाची नाही, बाहेरच्यास जमीन विकावयाची नाही, असे गावाने ठरविले. उघड्या विहिरीचे पाणी दर पावसाळ्यात भरते; कूपनलिका खडकातील खोल साठा ओढते, आणि तो लवकर भरून येत नाही. एकाने खणली, की शेजाऱ्यालाही खणावी लागते. मग दोघेही कोरडे पडतात. म्हणून गावाने पर्जन्यमापक बसविला. सुमारे ४०० मिलिमीटरच्या ह्या गावात पडलेला पाऊस मोजून, प्यावयाचे पाणी आधी बाजूस काढून, उरलेल्या पाण्यावर कोणती पिके घ्यावयाची हे ग्रामसभेत ठरू लागले.

ह्यात दोषही आहेत, आणि ते झाकणे इतिहासास शोभत नाही. राळेगणात दारू पिणाऱ्यांना खांबाला बांधून मारले गेले, हे हजारे ह्यांनीच सांगितले आहे. चराईबंदीचा भार ज्याच्याजवळ शेत नाही, केवळ चार शेळ्या आहेत, त्याच्यावर आधी पडतो. समर्थ पुढारी नसेल, तर हे टिकेल काय, हा प्रश्नही रास्त आहे.

माझे उत्तर असे, की धाक फार काळ पुरत नाही, आणि नुसता उपदेश तर त्याहूनही कमी पुरतो. हिवरे बाजारच्या नियमास बळ आले ते उघड हिशेबाने. विहिरीची पातळी व पावसाचा आकडा सर्वांसमोर आल्यावर नियम सरपंचाचा राहत नाही. तो पावसाचा होतो. आपल्या शहरांत घरोघरी कूपनलिका खोल चालल्या आहेत, आणि त्या किती खोल गेल्या ह्याची नोंद शेजाऱ्यासही नसते. खेड्याने जे करून दाखविले ते आपणांस जमणार नाही, असे म्हणण्यापूर्वी निदान आपल्या गल्लीतील पाणी आपण मिळून मोजून पाहावे.