कळ दाबली, पण सुटली का?

कळफलकावरील 'ए' ही कळ दाबली की संगणकाकडे अक्षर जात नाही, एक अंक जातो. कळ सोडली की दुसरा. जुन्या पीसीवर हे अंक ३० आणि १५८ असत. त्यांचा अर्थ लावणारी आज्ञावली म्हणजे ड्रायव्हर.

१९९१ साली हेलसिंकीतील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, मूळ आज्ञावलीसह सर्वांना खुला केला. तेव्हा त्यात फिनिश कळफलकाचीच सोय होती. पुढे जगभरातून नवनव्या उपकरणांचे ड्रायव्हर येऊ लागले.

असा ड्रायव्हर कर्नलमध्येच चालतो. त्यातील एका चुकीने सारा संगणक बंद पडू शकतो. म्हणून तो स्वीकारण्यापूर्वी इतर जाणकार ओळीओळीने वाचतात. त्यांचे प्रश्न साधे असतात. ड्रायव्हरची तयारी पूर्ण होण्याआधीच कळ दाबली गेली तर? कळ दाबलेली असतानाच उपकरण काढले, तर 'सुटली' हे कोण कळवणार?

२००४ पासून प्रत्येक बदलाखाली तो लिहिणाऱ्याचे व पुढे पाठवणाऱ्याचेही नाव असते.

गणिताचे उत्तर बरोबर आले तरी आपण रीत तपासतोच ना? येथेही 'माझ्या यंत्रावर चालते' एवढे उत्तर पुरत नाही.